पप्पांचं गाणं आणि माझी चेकशीट

पप्पांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं-गाणं बंद. पप्पा कारखान्यात पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेले, पण रहाटणीत लोक त्यांना ओळखायचे ते जयंतीच्या गायन पार्टीतले गायक म्हणून. त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं आणि ते कुठंच रेकॉर्ड झालेलं नव्हतं. ते त्यांच्याच आवाजात ठेवायचं, एवढंच मला हवं होतं. हातात तीन गुरुवार होते, कारण आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची.

पहिला गुरुवार मी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडण्यात घालवला. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर, त्यामुळे चेकशीटशिवाय माझं पान हलत नाही. पाच सॉफ्टवेअर, आठ रकाने: जुन्या लॅपटॉपवर चालतं का, फुकट आहे का, नवशिक्याला कळतं का. एक उघडताच लॅपटॉप गुदमरला. दुसऱ्याच्या स्क्रीनवर इतकी बटणं, की कंपनीतलं सीएनसी मशीन परवडलं. तिसरं छान होतं, पण फाईल सेव्ह करायला गेलं की पैसे मागायचं. पुढचा आठवडाभर शिफ्टवरून आल्यावर व्हिडिओ बघत बसले. पप्पा शेजारी बसून म्हणायचे, "बाई, मोबाईलवर दाब की बटण. मी गातो."

"मोबाईलवर भसाडं येतं, पप्पा. एकदाच करायचंय ना, मग नीट करू," मी खेकसले. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

शेवटी सगळ्यात साधं निवडलं: लाल बटण दाबा, गा, थांबवा. ते मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी खिडकीला गोधड्या लावल्या, माईक ठेवला. पप्पांचा आवाज बसका झाला होता, चाल मात्र शाबूत. पहिल्या वेळी कुकरची शिट्टी आली. रिजेक्ट. दुसऱ्या वेळी खाली पाण्याचा टँकर रिव्हर्स आला. रिजेक्ट. मग खोकला, मग एक शब्द अडखळला. कंपनीत रिजेक्ट माल लाइनवर ठेवायचा नसतो, चुकून पुढं जातो. ताबडतोब लाल डब्यात टाकायचा. हाताला तीच सवय. प्रत्येक रेकॉर्डिंग तिथल्या तिथं डिलीट करत गेले. पप्पांनी तक्रार केली नाही. इन्स्पेक्टरनं "परत" म्हटलं की प्रेसवाल्यानं पार्ट परत काढायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सातव्यांदा गाताना त्यांचा आवाज मधेच बंद पडला.

"पुढच्या गुरुवारी बघू," ते कुजबुजले.

पुढच्या गुरुवारी तेवढी कुजबुजच उरली होती.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, "ऐकव." मी सगळं खरं सांगितलं. रडले. ते रागावतील, निदान पाटी तरी आपटतील, असं वाटलं होतं. त्यांनी पाटी पुसली, गाण्याची पहिली ओळ लिहिली आणि माझ्याकडं बोट केलं. मला गाता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गायले. ओळ संपली की ते पुसून पुढची लिहायचे, आणि मी गात असताना टेबलावर ठेका द्यायचे.

ती फाईल मी ठेवली आहे. तिच्यात आवाज माझा आहे. पप्पांचा फक्त हात ऐकू येतो.