सुया ओवून दिलेले पंधरा दिवस

परवा लेकीच्या खोलीतली मैत्रीण फोनवर सहज बोलून गेली, "काकू, ड्युटी संपली तरी ही लॅबमधून निघत नाही. सगळ्या नळ्या पुन्हा बघत बसते." तेव्हापासून मला झोप नाही.

पुन्हा बघणं हा तिचा जन्माचा स्वभाव. तिचे बाबा शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. त्यांनी मोजलेली बटणं ही सहा वर्षांची चिमुरडी पुन्हा मोजायची आणि "बाबा, एक कमी आहे," म्हणून त्यांना मशीनखाली रांगायला लावायची. ते तिला तपासनीस म्हणत. "आल्या तपासनीसबाई, लपवा बटणं!" ती रक्त तपासायला शिकली तेव्हा म्हणाले, "घ्या, आता साऱ्या गावाची बटणं मोजा."

दोन वर्षांपूर्वी हे दुकानातच कोसळले. तिच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं आणि रक्ताची नळी तिच्याच हातात आली, वर बाबांचं नाव. मशीनने पांढऱ्या पेशींचा आकडाच दिला नाही; तो मशीनच्या आवाक्याबाहेर होता. अशा वेळी आधी वॉर्डात फोन करायचा, मग पुन्हा तपासायचं, हे तिला तोंडपाठ. पण नळीत लाल रक्तावर सायीसारखा पांढरा थर दिसत असूनही तिचा विश्वास बसेना. तिने मशीन धुतलं, रक्त पातळ करून पुन्हा लावलं, परत एकदा लावलं. आकडा आला साडेचार लाख. असायला हवा अकरा हजारांच्या आत. तिने फोन केला तोवर चाळीस मिनिटं गेली होती.

ब्लड कॅन्सर. इतक्या पेशी झाल्या की मेंदूतल्या बारीक नसा तुंबतात, डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली, पण पहाटे मेंदूत रक्तस्राव झाला आणि हे गेले. चाळीस मिनिटांनी काही बदललं नसतं, असं डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकल्यासारखं केलं आणि महिन्याभरात दूरच्या शहरात नोकरी धरली.

आता फक्त रविवारी फोन. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मला कोणीतरी माझी चूक दाखवावी, पुन्हा मोजायला लावावं, असं फार वाटतं. घरात आता काहीच कमी-जास्त होत नाही.

तिला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. कोसळण्याआधी पंधरा दिवस हे मला सुई ओवून मागत होते. तीस वर्षांत कधी न मागणारा माणूस! दोरा दोन दोन दिसतो म्हणायचे, डोकं जड, कानात सारखं घूं घूं. मी म्हटलं, "म्हातारे झालात, शिंपीबुवा," आणि नवा चष्मा करून आणला. "तपासनीसबाईंना कळवू नकोस हं, लगेच टोचायला येतील," ते म्हणाले. मी शिकलीसवरलेली बाई, हसले. रोज सकाळी मी त्यांच्यासाठी वीस सुया ओवून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायचे.

सांगितलं तर रविवारचं ते "हो"सुद्धा जाईल, या भीतीने दोन वर्षं गप्प राहिले. आणि ती तिथे त्या चाळीस मिनिटांपायी नळ्या तपासत बसली.

आज तिची रात्रपाळी आहे. अडीचला ती चहाला उठते, म्हणजे अजून दहा मिनिटं. रविवार नसताना फोन आला म्हणून घाबरेल. घाबरू दे. जेवलीस का, हे आज विचारणार नाही. आधी सुयांचं सांगणार आहे.