इंचाचे आटे

पालम गावाजवळ विहिरींवरची जुनी इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस दर रविवारी माझ्या अंगणातली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार जुळवायला येई. बोल्ट हातात घेतला की आधी फुंकायचा, मग नखानं त्याचे आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, चाचपायचा. त्या गाडीचे आटे इंचाच्या मापाचे. घाईत मीच मिलिमीटरचा बोल्ट दामटला आणि भोकातले आटे घालवले. गाडी बघायला आलेल्या लोकांना मात्र म्हणालो, "यानं बिघडवलं."

तो एवढंच बोलला, "व्हतंय कवा कवा, काका."

ते ऐकून दोघातिघांनी आपली इंजिनं त्याच्याकडून काढून नेली. तरी पुढच्या रविवारी तो आला. नवे आटे पाडून त्यानं बोल्ट माझ्याच हातात दिला.

"इंचाचा हाय. तुमी बसवा, लय हळू."

गाडी धावते, लोक माझं कौतुक करतात. आटे मी घालवले होते आणि गाडी त्यानं उभी केली, हे आता सगळ्यांना सांगतो आहे.