वाटी वाटीने आठ किलो

काकूंच्या गळ्यात सोळा किलोचं केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेलं लोखंडी वजन, मीच मारलं. खेळाच्या सामानाच्या दुकानात लागून मला जेमतेम महिना झाला होता, पण बोलायचो असा की जणू व्यायामशाळेतच रांगलो. त्या म्हणाल्या, नवऱ्याला पलंगावरून खुर्चीत बसवावं लागतं, अंगात जोर हवा. अख्खा माणूस उचलता तर सोळा तरी हवंच, असं मी ठोकून दिलं. वर एका हाताने डोक्यावर कसं न्यायचं तेही करून दाखवलं. माझा चेहरा लालबुंद झाला होता. काकूंनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी दहा दिवस वाकायचं नाही म्हणून बजावलं.

काकू कपडे शिवतात. काका ट्रक चालवायचे, आता डाव्या अंगावरून वारं गेलंय. काकूंचीही कंबर धरल्यावर दूर राहणाऱ्या मुलाने बाबांना देखभाल केंद्रात ठेवायचं ठरवूनच टाकलं. काकूंनी दोन महिने मागून घेतले. तेवढ्या वेळात काकांना एकटीने उचलता आलं नाही, तर काका घराबाहेर.

वजन बदलून मिळेल का, असं विचारायला त्यांनी दुकानात फोन केला, तेव्हा मला हे सगळं कळलं. मग ते दहा दिवस सकाळ-संध्याकाळ काकांना उचलायला मी जात होतो. काकूंनी एकदाही दोष दिला नाही. फक्त मला 'पैलवान' म्हणायच्या.

अकराव्या दिवशी त्यांनी जाड कापडाची पिशवी शिवली, तिला मजबूत बंद लावला आणि डब्यातले तांदूळ वाटी वाटीने भरायला घेतले. पिशवी खांद्यापासून वर न्यायची; आठ वेळा सहज गेली की थोडं थांबून आणखी दोन वाट्या. मला राहवेना. म्हटलं, अजून जाईल की.

"जाईल रे. पण कंबर मागे झुकली, ती दिसली का तुला?" त्यांनी दोन वाट्या परत डब्यात ओतल्या. "आठातल्या शेवटच्या दोन खेपा जड जाऊ देत, वाकड्या नकोत."

पिशवी काट्यावर ठेवली. आठ किलोला जराशी कमी. मालकांची बोलणी खाऊन मी सोळाचं परत नेलं, आठचं आणून दिलं.

मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा काकूंनी काकांना एकटीने उठवून खिडकीशी बसवलं. मी शेजारी हात पसरून उभा होतो, उगाचच. मुलाने ते फोनवर पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे आई, घरीच राहू देत बाबा."

आता गिऱ्हाईक आलं की मी हलक्यापासून सुरुवात करतो, आठ वेळा वर न्यायला लावतो आणि त्याच्या पाठीकडे बघत राहतो. मालक म्हणतात, पोरगं कामाचं निघालं. काकूंमुळे निघालं, हे त्यांना ठाऊक नाही; मला आहे.

काकूंनी खिडकीशी बसवलं त्या दिवशी आनंदाच्या भरात मी काकांना म्हणालो होतो, खिडकीची बाहेरून धुरकटलेली काच येत्या रविवारी पुसून देतो. त्यानंतर सहा रविवार गेले. काल भेटलो तर काका विचारत होते, "पैलवान, बाहेर अजून धुकं आहे का रे?"