न जोडलेलं लाल बटण

भूतबित, बाधा, नजर... यातलं काहीच मी मानत नव्हतो. आमच्या किनवटकडे असले किस्से सांगणारे पुष्कळ, पण मी हसून उठून जायचो. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. घडलं ते मात्र जसंच्या तसं सांगतोय.

मी डोंबिवली पूर्वेला दळवीकाकांकडे काम करतो. काका कोलशेतच्या एका कंपनीत फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड कोरायचं सीएनसी मशीन स्वतःच्या हाताने बनवलं. मी इकडे आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. काकांनी काम दिलं, राहायला खोली दिली, जेवायला आपल्या शेजारी बसवलं. हे मी विसरणार नाही.

मशीनला कॉम्प्युटर हवा होता. काका म्हणाले, "तूच जा, तूच निवड."

"काका, मला काय कळतंय त्यातलं?"

"नवीन नको, जुनाच बघ. मागे रुंद प्रिंटर पोर्ट पाहिजे, आपल्या मशीनची वायर त्यातच बसते. आणि लॅपटॉप नको. तो काम करता करता मध्येच झोपतो, तुझ्यासारखा."

शीळफाट्याला एका भंगारवाल्याकडे तसे दोन निघाले. एक चकाचक. दुसरा पिवळा पडलेला, पण त्याच्यावर खंडेनवमीच्या हळदकुंकवाची बोटं होती, एकावर एक, कितीतरी वर्षांची. म्हटलं, ज्याची एवढी वर्षं पूजा झाली त्याने काम केलंच असणार. तोच उचलला.

काका हसून हसून खोकायला लागले. "कुंकू बघून घेतलास? कॉम्प्युटर आणायला गेलेलास की सून बघायला?"

पण तो चालला. दोन महिने एकदाही अडला नाही.

मग काकांच्या नातीचं उष्टावण ठरलं. काकू आता नाहीत. त्यांच्या माहेरहून आलेला शिसवी पाट होता. त्याच्या कडेने वेल कोरायची आणि नातीला त्यावर बसवायचं, असं काकांच्या मनात होतं. तसा पाट दुसरा मिळणार नाही. कोरायच्या दिवशी दुपारी काकांना ठाण्याला डॉक्टरकडे जायचं होतं. चपला घालता घालता म्हणाले, "आधी प्लायवर ट्रायल मार, मग पाट लाव. माझ्यासाठी थांबू नको."

ट्रायल मस्त आली. कटर वर घेतला, पाट घट्ट बसवला, स्टार्ट दाबलं.

मशीन हललंच नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं — इमर्जन्सी स्टॉप. मशीनच्या बाजूला मोठं लाल बटण आहे, ते दाबल्यावर असं व्हायला पाहिजे. मी तर हातही लावला नव्हता. रीसेट करून पुन्हा स्टार्ट. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"अरे चल ना बाबा!" म्हणत वाकून कटरकडे बघितलं... आणि चूक दिसली.

झिरो प्लायचाच राहिलेला! कटरचं टोक लाकडाला नुसतं टेकतं ती उंची म्हणजे झिरो. लाकूड बदललं की तो परत लावायचा, हे काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. पाट प्लायपेक्षा दोन बोटं उंच. मशीन सुरू झालं असतं तर कटर सरळ पाटात घुसून चर पाडत गेला असता.

झिरो नव्याने लावला. स्टार्ट दाबलं... पहिल्या दाबण्यात सुरू.

काका आले, पाटावरून हात फिरवत राहिले. डोळे भरलेले. मी गप्प बसलो असतो तर कळलंही नसतं. पण जेवताना राहवेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता बॅग भरायची.

"थांबलं कसं म्हणालास?"

"इमर्जन्सी स्टॉप आला. लाल बटणाची वायर लूज असेल."

काका उष्ट्या हाताने उठले. शेडमध्ये जाऊन डाव्या हाताने बटणाची डबी उघडली. आत वायरच नव्हती.

"अरे, हे मी अजून जोडलेलंच नाही," काका हळूच म्हणाले. "सॉफ्टवेअरमध्येपण बंद ठेवलंय." स्क्रीनवर दाखवलं. बंदच होतं.

काकांनी डबी परत बंद केली. मग म्हणाले, "चूक स्वतःहून सांगितलीस ना? मशीन उद्यापण तूच लावणार. चल, ताट वाट बघतंय."

पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याला जाऊन विचारलं, हा कॉम्प्युटर आला कुठून? तो म्हणाला, "भाऊ, टेम्पो भरून येतात. याचं गाव कसं सांगू?" आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "लेकरा, ते मुकं हाय पण राखण करतंय. त्याच्यावरचं कुंकू पुसू नको." मी पुसलेलं नाही.

काकांनी बटण आता जोडलंय. त्यानंतर तो स्टॉप आपोआप कधीच आला नाही. नात त्या पाटावर बसून खीर जेवली, आणि काका प्रत्येक पाहुण्याला "हा यानेच कोरला" सांगत सुटलेले. मी खाली मान घालून उभा होतो. यानेच, म्हणजे नक्की कोणी?

इथे कोणाला मशीनचं कळत असेल तर कारण सांगा. फक्त वायरीत गडबड असेल म्हणू नका... वायर नव्हतीच.