हरवलेल्या जमातीचे पोहे

शारजाहून दुबईला निघालेली आमची शेअर गाडी नेहमीसारखी जॅममध्ये अडकली होती. जॅममध्ये मला ज्ञान फुटतं. मी मित्राला सांगत होतो, "इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडालं आणि ज्यूंच्या दहा जमाती हरवल्या. खलास! कुणालाच पत्ता नाही."

पलीकडचे साठीचे गृहस्थ मांडीवरचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी सांभाळत ऐकत होते. त्यांनी झाकण किलकिलं करून पाहिलं. गोड पोहे, वर ओलं खोबरं. मी लगेच उजव्या तळहाताखाली डावा धरून हात पुढे केला. ते थबकले, मग चिमूटभर घातलंच. मी कपाळाला लावून खाल्लं. "सत्यनारायण का, काका?"

"नाही हो. आम्ही बेने इस्राएल, अलिबागकडचे ज्यू. नात दुखण्यातून उठली तर मलिदा करू, असा एलियाहू नबीला नवस होता. आज लेकीकडे प्रार्थना आहे."

"म्हणजे अजून व्हायचीये?" मी चक्क नवसाचा नैवेद्य उष्टा केला होता!

काका खो खो हसले. "प्रार्थना झाली की मलिदा. आत्ता नुसते पोहे आहेत. नात बरी आहे ना, मग खा!"

माझा जीव भांड्यात पडला.

दुबईत सिलिकॉन ओएसिसला उतरल्यावर ते खिडकीशी वाकले. "आमचे म्हातारे म्हणायचे, त्या दहांतलेच आपण. पण हरवलो वगैरे नव्हतो हो. अलिबागकडे घाण्यावर तेल गाळत होतो. शोधायला कुणी आलं नाही, एवढंच."