फोर्ट्रानपुढची खूण

उत्तम जोंधळे गेल्याचं त्याच्या मुलीनं, प्रज्ञानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी "अरेरे" म्हणालो आणि मला हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू? गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायचे असतात, तेही लिहीन. पण आधी हे कबूल करतो की वीस-पंचवीस वर्षं मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं. जामबागच्या त्या कॉलेजात काय घडलं हे जाणणारा आता मी एकटाच उरलो होतो…

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागत होत्या, आणि पुण्याहून आलेला मी विद्यानगरातल्या एका छोट्या कंपनीत 'सीनियर' होतो, म्हणजे तिथं माझ्याआधी कुणी लागलं नव्हतं एवढंच. उत्तम परभणीचा. विद्यापीठात शिकून आमच्याकडे लागलेला. कॉलेजांना विंडोजऐवजी लिनक्स हवं असायचं, कारण ते फुकट. पण लिनक्स काही एक नव्हतं. वेगवेगळी मंडळी ते आपापल्या पद्धतीनं बांधून सीडीवर देत, त्या प्रत्येक बांधणीला डिस्ट्रिब्युशन म्हणत. एकात एक प्रोग्रॅम सापडे तर दुसरा नसे, आणि एकाच कामाच्या प्रोग्रॅमला, म्हणजे पॅकेजला, तिघांकडे तीन नावं. नेट इतकं रडतखडत चालायचं की सीडीत नसेल ते नाहीच असं धरून चालावं लागे. म्हणून उत्तमनं आलेखाच्या कागदावर एक तक्ता केला: उभ्या रांगेत पॅकेजेस, आडव्या रांगेत तीन डिस्ट्रिब्युशन, आणि जे मिळतं त्याच्यापुढे हिरव्या पेनाची बारीक खूण. एक खूण करायला त्याला कधीकधी अख्खी दुपार लागायची. सीडीवर छापलेली यादी बघून तो खूण करत नसे. आधी मशीनवर बसवायचं, चालवून बघायचं, मग पेनाचं टोपण काढायचं. मी चिडवायचो, "काय रे, बोहल्यावर चढवतोस का पॅकेजला?" तो हसायचा. "सर, यादीत नाव असणं येगळं अन् सीडीत माल असणं येगळं."

मला त्याचा हेवा वाटायचा. हे तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

जामबागच्या कॉलेजाला प्रॅक्टिकलसाठी जे जे लागणार ते एकाच सीडीत हवं होतं. तक्ता जवळपास भरला होता. फक्त फोर्ट्रान या भाषेतले प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या कंपायलरची एक चौकट राहिली होती, आणि वडील आजारी म्हणून उत्तमला परभणीला जावं लागलं. जाताना तो म्हणाला, "ती रिकामीच राहू द्या सर, आलो की बसवून बघतो." त्या संध्याकाळी मालकांनी तक्ता मागितला. सीडीच्या पाकिटावर कंपायलरचं नाव छापलेलं होतं. हिरवं पेन त्याच्या टेबलावरच पडलं होतं. मी खूण केली आणि तक्ता देऊन टाकला. तो परत आल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, आणि मी म्हणालो, "बघितलं मी बसवून. चालतंय." त्याचा चेहरा खुलला. माझ्या शब्दावर त्यानं लॅबमधली सगळी मशीनं एकट्यानं उभी केली.

परीक्षेच्या सकाळी फोर्ट्रान कुठल्याच मशीनवर मिळेना. त्या सीडीत ते नव्हतंच. मुलं कोऱ्या पडद्यासमोर बसलेली, बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघतायत, आणि आमचे मालक घामाघूम होऊन दारात उभे. "ये लिस्ट कौन बनाया जी?" उत्तमनं तक्ता हातात घेतला, ती चौकट पाहिली आणि माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाला, "सर, सांगा ना." त्याला वाटलं होतं मी सांगीन! मी म्हणालो, "लिस्ट उत्तम कीच है." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मालक त्याच्यावर तुटून पडले, आणि शेवटी म्हणाले, "ऐसे लोगां को काम पे रखे तो यहीच होता." ऐसे लोगां म्हणजे कसे, ते आम्हा तिघांनाही कळलं. उत्तम कुठल्या समाजाचा, हे मालकांना मीच एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं. काही कारण नव्हतं… उगाच.

 उत्तमनं खिशातलं पेन मालकांच्या हातात ठेवलं, ते कंपनीचं होतं, आणि निघून गेला. मला पुढच्या महिन्यात बढती मिळाली. घरी श्रीखंड केलं होतं.

कितीतरी वर्षांनी मलकपेठेत प्रिंटर दुरुस्त करायला म्हणून एका दुकानात शिरलो, तर काउंटरमागे उत्तम. केस पांढरे, शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. "बसा सर," म्हणाला. पाठीमागच्या भिंतीवर तक्ता होता, नव्या डिस्ट्रिब्युशनांचा. "अजून करतोस?" मी विचारलं. "पोरं इचारायला येतात. आपण चुकीचं सांगितलं तर त्यांचं प्रॅक्टिकल जातं." तो टोमणा होता का? मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तो प्रिंटरचे स्क्रू काढण्यात गुंतला होता. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे ते गिऱ्हाईक पाच मिनिटांत गेलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. प्रज्ञा आता मोठ्या कंपनीत आहे. ती उभी राहून बोलली. "बाबा हमेशा सांगायचे, मी लाइफमध्ये एकदाच नीट चेक न करता खूण राहू दिली, अन् माझी नोकरी गेली. मिस्टेक माझीच होती, दुसऱ्याचं नाव नक्को. मी आज बी काही पण दोनदा चेक करते, बाबांमुळे." लोकांनी डोळे पुसले. मग तिनं माईक माझ्या हातात दिला, बाबांचे पहिले सर म्हणून. मी उत्तमच्या सचोटीवर दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो.

निघताना ती पाया पडली. "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना, बाबांवर लिहा. मला मराठी वाचायला येत नाही, आई गेल्यावर घरात बाबाच वाचायचे. पण मी फ्रेम करून हॉलमध्ये लावते." ती हे बोलली आणि त्याच क्षणी मी ठरवलं की सगळं खरं लिहायचं. तिला वाचता येत असतं तर ठरवलं नसतं. आता ती हे कात्रण बापाच्या फोटोशेजारी लावील, त्याला हार घालील, आलेल्या माणसांना अभिमानानं दाखवील, आणि त्यांतल्या एखाद्या मराठी वाचणाऱ्याला तिच्या तोंडाकडे बघत ठरवावं लागेल, वाचून दाखवायचं की नाही. हेही काम मी दुसऱ्याच्याच गळ्यात घातलं आहे.