नामाच्या पोटातले खडे

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "हे पांढरे ठिपके दिसतात ना, ते खडे आहेत. स्वादुपिंडात. याला क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिस म्हणतात."

स्वादुपिंड म्हणजे जठरामागची आडवी ग्रंथी. अन्न पचवणारा रस तीच करते आणि रक्तातली साखर आवरणारं इन्शुलिनही तीच. ती वरचेवर सुजून आतून सुकत जाते, तो हा आजार. हे मी आज सांगते. तेव्हा पदर तोंडाला लावून नुसती ठिपक्यांकडे बघत होते.

माझा धाकटा दीर नामा बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. विशीतलं पोर, काडीसारखं. एक्स-रे बघून म्हणाला, "बघ वैनी, तुझ्या भातातला एकबी खडा वाया घालवला न्हाई मी."

डॉक्टर हसले. मला रडू फुटलं.

आमचं गाव भरे, मुळशीतलं. एक्स-रे काढला तेव्हा आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन आले तेव्हा नामा शाळकरी होता, माझ्या हातचं खाऊन मोठा झाला. पोट तेव्हापासून दुखायचं. भाताच्या लावणीत दुखलं की मी म्हणायची, "चिखल बघूनच कळ येती व्हय रं तुला?"

आणि मी कोण? तर गावातली बेंबी बसवणारी! पोटात कळ आली की बेंबी सरकली, हे ठरलेलं. पोटावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या उपडा घालायचा. तांब्यानं कातडी धरली की बेंबी जाग्यावर. तुझ्या हाताला गुण आहे, असं बाया म्हणायच्या आणि मी शहाणी ते खरं मानायची. कळ आपली आपणच ओसरायची, मी मात्र कासोटा खोचून गावभर मिरवायची. चौथी पास डॉक्टरीण!

नामा वाळत गेला, जेवण बघून घाबरायला लागला, तेव्हा कुठे पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे जो तो आधी दारूचं विचारी. नामा थेंबालाही शिवला नव्हता. "दारू न पिणाऱ्या तरुण पोरांनाही होतो हा आजार," सर्जननी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी त्यांना हात जोडले.

सर्जननी कागदावर चित्र काढून तीन रस्ते दाखवले. पहिला, ग्रंथीतली रसाची नळी उभी चिरायची, खडे काढायचे आणि ती आतड्याला जोडून द्यायची. याला पॅन्क्रिअ‍ॅटिकोजेजुनोस्टॉमी म्हणतात; तुंबलेला पाट फोडून पाण्याला दुसरी वाट द्यावी तसं. दुसरा, ग्रंथीचा खराब भाग कापूनच टाकायचा. पण इन्शुलिन करणारा भागही जातो, साखरेचा रोग मागे लागू शकतो. तिसरा, दुखणं कळवणाऱ्या नसा तोडायच्या. कळ कमी होईल, आजार आत तसाच.

"यातल्या कशानं मला पोटभर जेवता यील?" नामानं विचारलं.

"नळी फुगलेली निघाली तर पहिल्यानं. पण ऐक, दुखणं थांबेल, ग्रंथी नवी होणार नाही. साखर पुढे वाढूही शकते."

"फुडचं फुडं बगू. आदी जेवू द्या."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सासू-सुना जिन्यात बसून होतो. दार उघडून सर्जन आले, हातात काचेची बाटली, तळाशी खडे. नळी फुगलेलीच निघाली होती.

घरी आल्यावर नामा पहिल्यांदा उताणा झोपला. इतकी वर्षं तो मुटकुळं करूनच निजायचा. मी दारातून कितीतरी वेळ बघत उभी राहिले.

चार वर्षं तो जेवला. तेल-तूप बेतानं, पण जेवला. नांगर धरला, माझ्या भाकरीला नावं ठेवली. मग तहान वाढली, लघवी वाढली, आणि सर्जन म्हणाले होते तसं साखरेनं गाठलं. इन्शुलिनची बाटली आम्ही माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवायचो. सुई तो स्वतःच मांडीत टोचायचा आणि लगेच भाकरी खायचा.

पितृपंधरवड्यात मामंजींची तिथी आली. आमच्याकडे त्या दिवशी कावळा घासाला शिवल्याशिवाय कुणी तोंडात पाणीसुद्धा घालत नसे. नामानं सकाळी सवयीनं सुई घेतली होती. दुपार कलली, गोठ्याच्या पत्र्यावरच्या घासाला कावळा फिरकेना.

"नामा, तू तरी खाऊन घे," मी म्हटलं.

"बा उपाशी हाय आन् म्या गिळू? थांब की."

थोड्या वेळानं त्याला दरदरून घाम फुटला. असंबद्ध बोलायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "बापाची सय आली लेकराला." त्यानं खिरीच्या पातेल्याकडे हात नेला. साखरेचा रोगी आणि खीर? आम्ही सगळेच ओरडलो. त्यानं मुकाट्यानं हात मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दमलाय, झोपू दे, म्हटलं.

कावळा आला. नामा उठला नाही. दुधाच्या गाडीत घालून पुण्याला नेला, वाटेतच गेला.

"साखर वाढून नाही, उतरून गेला," सर्जन म्हणाले. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. सुई घेतली आणि पोटात अन्न गेलं नाही की असं होतं. तुमच्या घरी सुई घेणारं कुणी असेल आणि त्याला घाम सुटून बरळणं सुरू झालं, तर शुद्ध आहे तोवर गूळ, साखर, खीर, हाताला लागेल ते गोड द्या. विचार नंतर करा. त्या एका वाडग्यानं आमचा नामा उठून बसला असता.

त्या सर्जनना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते. त्यांनी दिलेली चार वर्षं खरी होती.

पुढच्या पितृपंधरवड्यात घास नामाचा होता. माझी पोरं भुकेनं चुळबुळत पत्र्याकडे बघत होती. सासूबाई चुलीपुढून उठल्या, कुणाला न विचारता ताटं मांडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाड त्यास्नी. नामा थांबंल."